सिग्नल तुटल्यावर

स्पिटफायरच्या पंखांच्या पुढच्या कडेवर आठ लाल चौकोन असतात, एका पंखावर चार. माझ्या फोमच्या मॉडेलवर ते स्टिकरचे आहेत. आईनं ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारलं, "हे काय, रेडियम लावलं का रे?" ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला रात्री दिसावं म्हणून मागून चिकटवतात, तसलं रेडियम तिला वाटलं. मी हो म्हणालो. खरं सांगायला अर्धा मिनिट लागलं असतं, पण ती पोळ्या लाटत होती आणि मला तिथं उभं राहून ते सांगावंसं वाटलं नाही.

खरं असं आहे. 1940 च्या स्पिटफायरच्या पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन असायच्या. प्रत्येकीला 300 गोळ्या. सलग झाडल्या तर पंधराएक सेकंदांत संपणाऱ्या. उंचावर दमट हवा आत जाऊन बंदुका गोठू नयेत म्हणून नळ्यांच्या तोंडांवर कापडाचे लाल तुकडे चिकटवायचे. पहिली गोळी ते कापड फाडून बाहेर जायची. परत आलेल्या विमानाचे चौकोन फाटलेले दिसले की धावपट्टीवरच्या लोकांना काही विचारावं लागत नसे.

या विमानाची चाकं काढून मी त्याला फ्लोट लावायला घेतले, आणि ते करताना एका प्रश्नात अडकलो. त्या प्रश्नाबद्दल हे लिहितोय.

चाकं काढण्यामागे आधी कुठलाही विचार नव्हता. आमच्याकडे धावपट्टी नाही, एवढंच. म्हणजे अमरावतीला बेलोऱ्याचं विमानतळ आहे, 16 एप्रिल 2025 ला तिथं मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं आणि बाबांनी तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर पाठवला. पण छंदवाल्यांसाठी विमानतळ म्हणजे लांब राहायची जागा. आम्हाला उरतात शेतं आणि कॉलेजची मैदानं. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात चप्पल ओढून घेते. त्यात स्पिटफायरची चाकं एकमेकांच्या फार जवळ. खऱ्या विमानाचीही हीच तक्रार होती. माझं मॉडेल दर तिसऱ्या लँडिंगला नाकावर पडायचं. चौथ्यांदा चाकाची तार फोममधून उपटून निघाली तेव्हा मनात आलं, जमिनीवर उतरायचंच कशाला?

खारपाणपट्ट्याच्या काठावर राहणाऱ्या माणसानं पाण्यावर उतरायचं विमान करावं यात थोडा विनोद आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याची शेकडो गावं अशी आहेत जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पण मामाचं गाव अकोल्याच्या दक्षिणेला, बार्शीटाकळीकडे आहे. तिथं गोडं पाणी आहे आणि गावाबाहेर एक पाझर तलाव. महानचं धरण त्याहून कितीतरी मोठं, पण त्याला लागून काटेपूर्णा अभयारण्य आहे, हिवाळ्यात पक्षी येतात. तिथं मोटर घेऊन जाणं बरं नाही.

फ्लोट बनवणं हे काम मला विमान उडवण्यापेक्षा जास्त आवडलं. लांबी विमानाच्या धडाच्या पाऊण ते ऐंशी टक्के. टोक पंख्याच्या पुढं जायला हवं, नाहीतर थ्रॉटल देताच विमान पाण्यात नाक खुपसतं. सगळ्यात महत्त्वाची असते ती तळाची पायरी. फ्लोटचा तळ सलग गुळगुळीत ठेवला तर पाणी त्याला चिकटून राहतं, कितीही जोर लावा, विमान सुटत नाही. म्हणून विमानाच्या तोलबिंदूच्या किंचित मागं तळाला एक खाच देतात. वेग आला की पाणी तिथं तुटतं, तळाखाली हवा शिरते, आणि मग विमान पाण्यातून वर येऊन पाण्यावरून पळायला लागतं. मी थर्माकोल कापलं, वरून ब्राउन टेप गुंडाळली, आत प्लायवूडची पट्टी घातली. पहिला फ्लोट फेविबॉन्डनं चिकटवायला गेलो आणि तो माझ्या डोळ्यांसमोर विरघळला. थर्माकोलला फेविबॉन्ड चालत नाही हे मला ठाऊक होतं, तरीही. दुसरा साध्या फेविकॉलनं केला, एक रात्र वाळत ठेवला. फ्लोटमुळे पुढच्या बाजूचं क्षेत्रफळ वाढतं आणि शेपूट कमी पडते, म्हणून शेपटीखाली एक जादा पंखही लावला. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधलं.

या दिवसांत मी लोकांना सांगायचो की मी लढाऊ विमानाचा पाणपक्षी करतोय. वाक्य छान होतं. ऐकणाऱ्याला आवडायचं, मलाही. तलवारीचा नांगर केल्यासारखं काहीतरी. आता फक्त लाल चौकोन काढले की झालं, असं वाटायचं. नख लावलंही होतं एकदा. मग थांबलो, कारण म्हटलं खऱ्या स्पिटफायरला कधी कुणी फ्लोट लावले होते का ते बघू, म्हणजे माप मिळेल.

लावले होते. आणि लावले ते युद्धासाठीच. 1940 मध्ये नॉर्वेच्या लढाईत धावपट्ट्या मिळेनात म्हणून पहिली कल्पना निघाली. विमान उडायच्या आत ती मोहीमच संपली. मग 12 ऑक्टोबर 1942 ला जेफ्री क्विल या चाचणी वैमानिकानं फ्लोटवरचं स्पिटफायर पहिल्यांदा उडवलं. पुढच्या वर्षी अशी तीन विमानं इजिप्तला ग्रेट बिटर लेकवर नेली. बेत असा होता की ग्रीसजवळच्या बेटांच्या आडोशाला लपायचं आणि जर्मनांची सामान नेणारी संथ विमानं गाठून पाडायची. जर्मनांनी ती बेटंच घेतली आणि बेत बारगळला. जपान्यांनी तर झीरो विमानाला फ्लोट लावून नाकाजिमाच्या कारखान्यात 327 नग काढले. फ्लोट म्हणजे शांतता हे समीकरण माझ्याच डोक्यातलं होतं. ज्यांनी ते बनवले त्यांना एवढंच हवं होतं की जिथं धावपट्टी नाही तिथूनही मारता यावं. थोडक्यात, माझीच अडचण.

उलटी दिशा त्याहून गमतीची. स्पिटफायरचा डिझायनर रेजिनाल्ड मिचेल त्याआधी शर्यतीची विमानं बनवायचा, आणि ती फ्लोटवाली असत. त्याच्या एस.6बी या विमानानं सप्टेंबर 1931 मध्ये श्नायडर ट्रॉफी कायमची इंग्लंडला मिळवून दिली आणि त्याच महिन्यात ताशी 655 किलोमीटरचा विक्रम केला. सरकारनं पैसे द्यायला नकार दिला होता. लेडी ह्यूस्टन नावाच्या श्रीमंत बाईनं एक लाख पौंड दिले म्हणून ते विमान झालं. निव्वळ खेळ, पैज आणि हौस. पाच वर्षांनी, 5 मार्च 1936 ला, त्या अनुभवाच्या जोरावर बनलेलं स्पिटफायर उडालं. म्हणजे मी ज्याला माझं रूपांतर समजत होतो तो उलटा प्रवास होता, आणि तोही अर्धाच. खेळण्याचं शस्त्र झालं होतं; मी शस्त्राचं खेळणं करत होतो; मधल्या काळात कुणीतरी त्या खेळण्याला पुन्हा शस्त्र करून ठेवलं होतं.

नख मागं घेतलं ते त्या दिवशी. चौकोन काढले तर विमान निष्पाप दिसेल, होणार नाही.

मग कुठल्या तुकडीचे रंग द्यायचे ते शोधताना 152 क्रमांकाची स्क्वाड्रन सापडली. 1940 च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये ही तुकडी स्पिटफायर घेऊन लढली. विमानांवर अक्षरं यू आणि एम. आणि तुकडीचं नाव: हैदराबाद. निजामाच्या देणगीमुळे दिलेलं. तिच्या बोधचिन्हावर चक्क निजामाची पगडी आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. वऱ्हाडी माणूस इथं थांबतो. कारण वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच होतं. 1853 च्या तहानं इंग्रजांनी ते ताब्यात घेतलं, 1902 मध्ये कर्झननं कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतलं, वर्षाला 25 लाख रुपये भाडं. 1936 पासून तर निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' अशी पदवी होती. आमच्या पणजोबांच्या कापसावरचा सारा नागपूरच्या तिजोरीत जायचा, भाडं हैदराबादला जायचं आणि हैदराबादहून देणगी लंडनला.

आता इथं हुशारी करून असं लिहिता येईल की अकोल्याच्या कापसावर इंग्लंडच्या आकाशातली लढाई लढली गेली. वाक्य पुन्हा छान आहे. पण ते खोटं आहे, किंवा खरं आहे की खोटं हे कुणालाच सांगता येणार नाही. निजामाकडे पैसे काही कमी नव्हते. तिजोरीत पडलेला रुपया कुणाचा ते ओळखता येत नाही, हाच तर पैशाचा गुण. देणाऱ्याचा हात सुटला की तो आपल्या वाटेनं जातो. आमच्या पणजोबांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते? हिटलरला थोपवणं योग्यच होतं, यात मला शंका नाही. पण त्यांना कुणी विचारलं नाही, आणि न विचारता घेतलेल्या पैशाचं पुण्य त्यांच्या नावावर लावायला मी कोण?

मी यू आणि एम ही अक्षरं लावली. नागपूरहून स्टिकर कापून आणले.

या सगळ्याच्या मधोमध एक मेल आलेला होता, तो आता सांगतो. बेंगळुरूच्या एका कंपनीला फ्लाइट कंट्रोल सॉफ्टवेअरसाठी माणूस हवा होता. पगार माझ्या आत्ताच्या दीडपट. उत्पादन: लॉइटरिंग म्युनिशन. म्हणजे आकाशात घिरट्या घालत राहणारं, आणि लक्ष्य सापडलं की त्यावर स्वतःलाच आदळून घेणारं विमान. इंटरव्ह्यू घेणारा मुलगा माझ्याच वयाचा, हुशार, सभ्य. कॉलेजात असताना तोही मॉडेलं उडवायचा. मला जे काम मिळणार होतं त्याचं वर्णन त्यानं एका ओळीत केलं: शत्रूनं जॅमिंग करून सिग्नल तोडला तर विमानानं पुढं काय करायचं, ते लिहायचं.

आम्हा छंदवाल्यांकडे याला फेलसेफ म्हणतात आणि तो प्रत्येक जण स्वतः लावतो. माझ्या स्पिटफायरचा फेलसेफ असा आहे: ट्रान्समीटरशी संपर्क तुटला की मोटर बंद, एलेरॉन मध्यावर, रडर किंचित डावीकडे. विमान लांब पळून जात नाही, गोल फिरत खाली येतं. मोडेल कदाचित, पण जवळच मोडेल, कुणाच्या अंगणात जाणार नाही. हे सेट करायला दोन मिनिटं लागतात आणि ते न करणाऱ्याबरोबर मी उडवत नाही. आमच्या भाषेत फेलसेफ म्हणजे थांबणं. त्या नोकरीत मला नेमकं उलटं लिहायचं होतं: माणसाशी संपर्क तुटला तरी थांबायचं नाही. वाक्यरचना तीच, जर सिग्नल नसेल तर, फक्त पुढची ओळ वेगळी.

यावर सोपं उत्तर असतं की छंद चांगला आणि युद्धानं तो पळवला. मला तेही पटत नाही. आपला छंद युद्धाच्या मांडीवरच वाढलाय. 1935 मध्ये ब्रिटिशांनी टायगर मॉथ या विमानाचं रेडिओवर चालणारं रूप बनवलं, नाव क्वीन बी. तोफखान्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी. समुद्रावरून उचलून परत वापरता यावं म्हणून त्याला बऱ्याचदा फ्लोट लावलेले असत. ड्रोन हा शब्दही या राणीमाशीवरूनच रूढ झाला असं मानतात. पाहा, रेडिओ, फ्लोट आणि लष्कर, तिन्ही एकाच विमानात, माझ्या ब्राउन टेपच्या नव्वद वर्षं आधी. अमेरिकेत रेजिनाल्ड डेनी नावाच्या सिनेनटाचं हॉलिवूडमध्ये मॉडेल विमानांचं दुकान होतं. त्यातून निघालेल्या त्याच्या कंपनीनं दुसऱ्या महायुद्धात सैन्याला सरावासाठी पंधरा हजारांच्या आसपास रेडिओ विमानं पुरवली. 1945 मध्ये त्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलीचे फोटो एका लष्करी फोटोग्राफरनं काढले, ती पुढं मेरिलिन मन्रो झाली. विमानांपेक्षा तीच लोकांच्या लक्षात राहिली, ते एक बरं झालं.

आणि आता. 1 जून 2025 ला युक्रेननं ट्रकांमधून लपवून नेलेले ड्रोन रशियाच्या विमानतळांवर सोडले, त्यांच्या सांगण्यानुसार 117. त्यात आर्डूपायलट वापरल्याच्या बातम्या आल्या. आर्डूपायलट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. शेतावर फवारणी करणाऱ्या ड्रोनपासून कॉलेजच्या प्रोजेक्टपर्यंत सगळीकडे चालतं. शेवटच्या वर्षाला असताना मीही त्यात एक बारीकशी दुरुस्ती पाठवली होती, लॉग वाचणाऱ्या एका टूलमध्ये. ती स्वीकारली गेली तेव्हा हॉस्टेलवर मी सगळ्यांना तर्री पोहे खिलवले होते. बातमी वाचून मी पहिल्यांदा काय केलं असेल तर ती ओळ अजून आहे का ते पाहिलं. आहे. तिचा त्या हल्ल्याशी काडीचा संबंध नाही, हे मला इंजिनिअर म्हणून माहीत आहे. तरी पाहिलं. त्या प्रकल्पाच्या आचारसंहितेत शस्त्रीकरणाला जाणूनबुजून मदत करणार नाही असं लिहिलंय, पण लायसन्स सगळ्यांना सगळ्यासाठी मोकळं आहे, आणि तसंच असायला हवं असं मीच कॉलेजात तावातावानं भांडायचो. कोडही रुपयासारखं. हात सुटला की आपल्या वाटेनं जातं.

युक्रेन चुकला असं मी म्हणत नाही. घरात घुसलेल्याला बाहेर काढायला लागतं. आपल्याकडेही मे महिन्यात रात्री टीव्हीवर ड्रोन पाडताना बघून झोप उडाली होती, आणि ते पाडणारी यंत्रणा कुणीतरी माझ्यासारख्यानंच लिहिली असणार; त्याचे आभार मानतच मी झोपलो. मग मी स्वतः ते लिहायला का कचरतोय? दुसऱ्यानं हात काळे करावेत आणि आपण स्वच्छ राहावं, हे काही नैतिकतेचं लक्षण नाही. दसऱ्याला आमच्या घरी शस्त्रपूजनात माझा लॅपटॉप मांडतात, झेंडूचं फूल ठेवून. इतकी वर्षं मी त्याला गंमत समजत होतो.

हे सगळं मी मामाला सांगितलं. मामा शेतकरी, बारावी झालेला, विमानात कधी बसलेला नाही. बांधावर बसून फ्लोटच्या तारा आवळत होतो. त्यानं आधी विचारलं, "बंदुका नाई न याले? मंग कायचं लढाऊ बाप्पा?" मग नोकरीचं ऐकून बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "आपल्या इकडं नाई का, तारेचं."

तारेचं म्हणजे कुंपणाचं. रोही आणि रानडुकरं रात्रीत अख्खं हरभऱ्याचं रान साफ करतात. त्यावर झटका मशीन मिळतं: बॅटरीवर चालतं, तारेला शिवलं की क्षणभर झटका, मग बंद, मग पुन्हा. जनावर दचकून पळतं. काही जण मात्र थेट खांबावरची लाइन तारेत सोडतात. अशा तारेला चिकटून माणसं मेल्याच्या बातम्या दर हंगामात पेपरात असतात. कधी शेजारचा शेतकरी, कधी खुद्द लावणाराच.

"दोघायची नियत एकच असते," मामा म्हणाला. "पीक वाचवाचं. पन झटका मशीन झटका देते आन् सोडते. डायरेक्ट लाइन सोडत नाई. आन् लावनारा तं घरी झोपेल असते."

मला वाटतं मला हवा होता तो फरक हा होता. बंदूक आहे की नाही, फ्लोट आहेत की चाकं, मूळ विमान कुणाचं, पैसा कुणाचा, यातलं काहीच पुरेसं नाही. ते यंत्र आपलं काम करतं त्या क्षणी तिथं कुणी जागं आहे का? 152 स्क्वाड्रनचा वैमानिक जागा होता. बटणावर त्याचा अंगठा होता आणि समोरचं विमान पेटताना त्याला दिसत होतं. त्यानं ते करणं योग्य होतं की नाही यावर वाद घालता येतो, कारण वाद घालायला तिथं एक माणूस आहे. आपल्या 2021 च्या ड्रोन नियमांमध्येही मॉडेलची व्याख्या करताना एक अट अशी आहे की ते नजरेच्या टप्प्यात उडवलं पाहिजे. कारकुनी अट वाटते. पण माझ्या मते त्या नियमांतली सगळ्यात नैतिक अट तीच असावी.

मात्र मामाच्या उदाहरणानं सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. इंटरव्ह्यूतल्या त्या मुलाकडे उत्तर होतं, आणि ते वाईट नव्हतं. तो म्हणाला, सिग्नल तोडला की थांबणारं शस्त्र म्हणजे शत्रूच्या हातात दिलेला स्विच. आपले जवान मरतील ते चालेल का? रोही दिवसा येत नाहीत, आणि शेतकरी रात्रभर जागू शकत नाही. जागून माळ्यावर बसणाऱ्याला साप चावतो, गारठा लागतो, दुसऱ्या दिवशी तो कामाचा राहत नाही. थेट लाइन सोडणारा राक्षस नसतो, थकलेला असतो. हे मला माहीत आहे, कारण एका हंगामात मामानंही ती सोडली होती. काही झालं नाही. आठ दिवसांनी त्यानं काढली. का काढली ते मी विचारलं नव्हतं, त्या दिवशीही विचारलं नाही.

दुपारी चारला वारा पडला आणि आम्ही तलावावर गेलो. मामेभावाचा मुलगा, वय नऊ, ट्रान्समीटरची पेटी डोक्यावर घेऊन पुढं. पोळ्याला याच पोरानं तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल मिरवला होता, चार चाकांवरचा, शिंगांना बेगड लावून. विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं: मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो, खेळण्यातल्या बैलांचा. तो बैल काही ओढत नाही. पण वर्षभर ज्यानं ओढलं त्याची आठवण म्हणून पोरं त्याला दारोदार नेतात, आणि घरोघरी त्यांच्या हातावर पैसे ठेवतात. खेळणं कशाची तरी आठवण धरून ठेवतं. मग माझं खेळणं कशाची धरतंय, असं वाटून गेलं.

पोरानं विचारलंच, "काका, याच्यातून बॉम्ब टाकता येते का?"

मी नाही म्हणालो. मग चौकोनांवर बोट ठेवून आईला जे सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. कापड, गोळ्या, पंधरा सेकंद. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. म्हणाला, "मंग हे तं फाटेल नाई." मी म्हटलं, नाही फाटलेले.

पहिल्या धावेत थ्रॉटल फार लवकर दिला, पाण्याचा फवारा पंख्यात गेला आणि विमान जागच्या जागी गोल फिरलं. दुसऱ्यांदा हळू दिला. फ्लोट आधी नांगरासारखे पाणी कापत गेले, मग तळाची पायरी लागली, आवाज बदलला, आणि विमान पाण्यावर नुसतं टेकून पळायला लागलं. तो क्षण सांगता येत नाही, दोनेक सेकंदांचा असतो. मग ते सुटलं. तलावावरून तीन फेऱ्या मारल्या. फ्लोटच्या वजनानं ते मूळच्या मानानं जड आणि आळशी उडत होतं, वळणावर नाक खाली टाकत होतं, आणि मला ते तसंच आवडलं. काठावर जाळं आवरत बसलेले एक म्हातारे मासेमार उठून उभे राहिले आणि ओरडून विचारते झाले की हे आपलंच आहे ना. मे महिन्यापासून हा प्रश्न सगळे विचारतात. मी ओरडलो, आपलंच आहे बाबा.

उतरताना बाजूचा वारा आला. डावा फ्लोट आधी टेकला, विमान फिरलं आणि उलटं झालं. तलावाच्या मधोमध दोन फ्लोट आभाळाकडे करून ते तरंगत राहिलं, पोट वर करून पडलेल्या मेलेल्या माशासारखं. त्याच म्हाताऱ्यांनी ट्यूबवर बसून, हातांनी वल्हवत जाऊन ते आणून दिलं. पैसे घेतले नाहीत. पंखांवरून हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, थर्माकोल हाय न, हे बुडतच नाई.

मोटर वाळली. रिसीव्हर फुग्यामुळे वाचला. डाव्या फ्लोटची पुढची तार वाकली आहे, ती बदलायची आहे, आणि दोन्ही फ्लोटमधलं अंतर थोडं वाढवायला हवं. चौकोन आठही शाबूत आहेत.

त्या नोकरीला मी त्याच आठवड्यात नकार कळवला. मेलमध्ये मी झटका मशीनबद्दल लिहिलं नाही, फेलसेफबद्दल लिहिलं नाही. घरच्या कारणामुळे अमरावती सोडून बेंगळुरूला येणं शक्य नाही, एवढं लिहिलं. सभ्य, छोटं, आणि खोटं. विमानावरचे स्टिकर काढणं अप्रामाणिक वाटणारा माणूस हाच.

सोमवारी त्यांचं उत्तर आलं. बेंगळुरूला यायची गरज नाही, हे काम अमरावतीहूनही करता येईल, असं त्यांनी कळवलंय. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय.